पदकाच्या कडेवरचं नाव

सोलापुरातल्या जुन्या घरांत पहिल्या खोलीची भिंत साधारण सारखीच असते. मधे सिद्धरामेश्वर, एका अंगाला पंढरीचा पांडुरंग, दुसऱ्या अंगाला अक्कलकोटचे स्वामी, आणि खाली हार घातलेले आजी-आजोबा. माढा, बार्शी, करमाळा, सांगोला, माळशिरस या बाजूंनी पलटणीत गेलेल्या माणसांची घरं काही थोडीथोडकी नाहीत. पण त्यांची पदकं त्या भिंतीवर क्वचितच दिसतात. ती असतात ट्रंकेत, नाहीतर लुगड्याच्या घडीत, नाहीतर सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर कापडी पिशवीत. घरातली माणसं त्यांना ‘बिल्ले’ म्हणतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा त्यांना हवा लागते.

आमच्या घरी असे तीन पिढ्यांचे बिल्ले होते. पहिल्या महायुद्धातले पणजोबांचे, दुसऱ्या महायुद्धातले आप्पांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, आणि १९७१ च्या लढाईतले थोरल्या काकांचे. त्यांच्या चौकटी करून घ्यायच्या असं मी ठरवलं तेव्हा काम सुताराचं आणि काचवाल्याचं आहे अशी माझी समजूत होती. पण पदक कुठलं, कुणाचं, कुठल्या क्रमानं लावायचं, कुठली बाजू पुढे ठेवायची, एवढं ठरवण्यासाठीच घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी कितीतरी वेळ बसावं लागलं. त्यातून घराचा जो इतिहास बाहेर आला तो कुठल्याच कागदावर नव्हता.

पणजोबा माढा तालुक्यातले. बैलगाडीनं कुर्डुवाडीला आले, त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत, आणि तिथून मराठा पलटणीत भरती झाले. गावात म्हणत, ‘बसऱ्याला गेला’. मेसोपोटेमियात लढलेल्या सगळ्यांसाठी आमच्याकडे तो एकच शब्द होता. पुण्याची सहावी डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात तिकडे उतरली. टायग्रिसच्या काठानं वर सरकत ती पार बगदादच्या जवळ गेली आणि मागे फिरून १९१५ च्या डिसेंबरात कूट-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येई. माणसं मैदानात उगवलेला पाला खुडून उकडून खात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांतल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं. पुष्कळजण वाटेतच गेले. पणजोबा परतले.

ते लढाईबद्दल फारसं बोलत नसत, असं आजी सांगायची. आजी म्हणजे त्यांची सून. पण पाऊस पडून गेला की ते शेताच्या बांधावर जाऊन घोळ, तांदुळजा, चिघळ खुडून आणत आणि पोरांना समोर बसवून खायला लावत. एखाद्यानं नाक मुरडलं की म्हणत, “खा. पाला मिळना म्हणून मानसं मेल्याली बघितल्यात म्या.” आजी त्या घरात आली तेव्हा कूटला पंचवीसहून जास्त वर्षं होऊन गेली होती. तरी तिला त्या गावाचं नाव ठाऊक होतं ते या भाजीमुळे.

या लढाईची त्यांना तीन पदकं मिळाली. १९१४-१५ चा काशाचा तारा, त्याच्या मागच्या सपाट बाजूवर नाव. दुसरं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, एका अंगाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला उघडाबोडका घोडेस्वार. तिसरं व्हिक्टरी मेडल, काशाचंच, पंखवाल्या विजयदेवतेचं, आणि त्याची फीत म्हणजे दोन इंद्रधनुष्यं लाल कडेला जोडून ठेवलेली. शेवटच्या दोन्ही पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जी जाडी असते तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते.

या कडेवरच्या नावाचं मोल मला बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं तेव्हा कळलं. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर न मिळालेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. त्यांतले बहुसंख्य हिंदी. पण दगडी फलकांवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणीमागे नुसता आकडा दिला. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल करून माफी मागितली. आपल्याकडेही गावोगाव संगमरवरी फलक लावले गेले. त्यांवरही या गावातून किती माणसं महायुद्धाला गेली आणि किती परत आली नाहीत, एवढेच आकडे. साताऱ्याजवळचं आपशिंगे हे फौजी गाव त्या स्मारकशिलेसाठी प्रसिद्ध आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. म्हणजे दगडावर जागा मिळाली ती संख्येला. माढ्याच्या शेतकऱ्याचं नाव सरकारनं धातूवर कोरलं ते अशा बोटभर बिल्ल्यांवरच.

आणि जे परतलेच नाहीत त्यांच्या घरी एक मोठी काशाची चकती आली. चार बोटं नव्हे, अर्ध्या वितीएवढी रुंद. तिच्यावर सिंह, ब्रिटानिया आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्या माणसाचं नाव. हुद्दा नाही, मरणात शिपाई आणि कर्नल सारखे, असा त्यामागचा विचार. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या ओतल्या गेल्या. आमच्या गल्लीत आजीच्या ओळखीच्या एका म्हातारीकडे तिच्या चुलतसासऱ्यांची चकती होती. लोणच्याच्या बरणीवर ती दडपण म्हणून असे. आजी म्हणायची, त्या बाईला नाव वाचता येत नव्हतं, पण बरणी उघडताना ती चकती कपाळाला लावून मग बाजूला ठेवायची.

पणजोबा परतल्यावर पोटासाठी सोलापूरला आले आणि मिलच्या दारावर पहारेकरी झाले. १९३० साल आप्पांनी पाहिलेलं, तेव्हा ते दहा वर्षांचे. स्वातंत्र्याच्या चळवळीत ८ मे ला सोलापुरात गोळीबार झाला, १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला. गांधी टोपी घातली म्हणून माणसांना रस्त्यात अडवत होते. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या मे महिन्यात पणजोबांनी तिन्ही बिल्ले फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत खाली घातले. शेजाऱ्यानं सुचवलं होतं, की छातीवर लावा, लष्कराचे शिपाई तुम्हाला हात लावणार नाहीत. आप्पांनी पणजोबांचं उत्तर मला जसंच्या तसं सांगितलं होतं: “भूक सोसून मिळवल्याली हायती ती. हितं लावली तर आपल्याच पोरांच्या इरुद्ध लावल्यावानी हुतील.”

सोलापूरच्या फौजी घरांत पदकं भिंतीवर न येण्याचं हे एक कारण असावं, असं मला वाटतं. ज्या शहरानं चार हुतात्मे दिले तिथे इंग्रज राजाचा मुखवटा पहिल्या खोलीत कसा लावायचा? माणसाला आपल्या शौर्याची लाज नव्हती. राजाच्या मुखवट्याची अडचण होती. स्वातंत्र्यानंतरही ती अडचण संपली नाही आणि पदकं ट्रंकेतच राहिली. चौकट करताना हाच प्रश्न माझ्यापुढे आला. व्हिक्टरी मेडलवर राजा नाही, ताऱ्यावर नुसती मुद्रा. पणजोबांच्या पदकांत राजाचा चेहरा होता तो फक्त चांदीच्या पदकावर. आणि ते पदक घरात नव्हतं.

ते गेलं १९७२ च्या दुष्काळात. गावाकडच्या विहिरी आटल्या, दोन हंगाम हातचे गेले. माणसं खडी फोडायला जात होती. आजीनं घरातली चांदी फडक्यात बांधली, त्यात पणजोबांची आणि आप्पांची पदकं टाकली आणि ती सराफाकडे गेली. सराफानं कसोटीवर घासून पाहिलं. आप्पांचे तारे तांबं-जस्ताचे आणि वॉर मेडल निकेलच्या मिश्रणाचं. ते त्यानं परत दिले, “वहिनी, यात काही नाही.” पणजोबांचं एक मेडल मात्र अस्सल स्टर्लिंग चांदीचं, तीन तोळ्यांच्या आतबाहेर. ते तराजूत गेलं. फितीला वजनात किंमत नाही, म्हणून सराफानं ती कापून आजीच्या हातात दिली. आजीनं ती पोथीत ठेवली. त्या चांदीची ज्वारी किती आली ते तिला शेवटपर्यंत आठवत होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. मी तिला एकदाच म्हटलं की बरं केलंस, पोरं जगली. तिनं मान हलवली नाही.

अशी किती ब्रिटिश वॉर मेडल्स मुशीत गेली असतील! जगभर गेली. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा विलायतेतही लोकांनी ढिगानं मोडली. जे पदक सर्वांत मोलाचं, तेच सर्वांत आधी नाहीसं झालं. काशाची आणि पितळेसारखी दिसणारी उरली.

आता चौकटीकडे येतो. पणजोबांच्या चौकटीत मधल्या पदकाची जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे नुसती ती फीत आहे, मधे नारिंगी पट्टा, दोन्ही अंगांना पांढरा, काळा आणि काठाला निळा. हुबेहूब नकली पदक विकत मिळतं, घेऊ या, असं घरात दोघातिघांनी सुचवलं. मी नको म्हटलं. ते पदक पणजोबांचं नसतं, त्याच्या कडेवर त्यांचं नाव नसतं, आणि बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात कधी आलाच नाही असं त्या चौकटीनं सांगितलं असतं.

फितीची एक गोष्ट साखर पेठेतल्या एका वृद्ध विणकरांनी मला दाखवली. त्यांचं सारं आयुष्य मागावर गेलेलं, घरात तेलुगू आणि आमच्याशी सोलापुरी मराठी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी ती फीत दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि म्हणाले, हे रंग सगळे ताण्याचे. उभे धागे लावतानाच रंगांची मोजणी पक्की केली की मग आडवा बाणा नुसता धरून ठेवायचं काम करतो. चादरीचं वेगळं, तिथे जकार्डावर नक्षी उमटते. ही फीत विणणाऱ्याचं कसब ताणा भरण्यात आहे, एक धागा इकडचा तिकडे झाला तर पदकच बदलेल. फितीवर पाण्याच्या लहरींसारखी जी झळाळी दिसते ती विणलेली नाही, ओलसर रेशीम तापलेल्या रुळांखाली दाबून काढलेली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून ती कधी धुवायची नाही, इस्त्री तर लांबच. धुतली की लहर गेली.

आप्पांच्या आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची. मधे लाल पट्टा भूसेनेचा, बाजूला गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी. आप्पा १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर होते. “गोळीपेक्षा पाण्यानं मारलं,” असं ते म्हणत. उभ्या कड्यावर पाण्याची पखाल आणि दारूगोळा चढवण्यातच पलटणीची माणसं खर्ची पडत. पुढे इटलीत त्यांच्याच पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आप्पा ही दोन नावं भावाची नावं घ्यावी तशी घेत. त्यांची स्वतःची पदकं मात्र कडेला कोरी आहेत. दुसऱ्या महायुद्धाची अशी पुष्कळ पदकं निनावी आढळतात. तेव्हा डिस्चार्ज बुक हेच त्यांचं नाव. आप्पांच्या चौकटीत मी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत लावली आणि मूळ पुस्तक कपाटात अंधारात ठेवलं. मूळ कागद भिंतीवर लावला तर त्याची शाई सोलापूरच्या उन्हात टिकत नाही.

फ्रेमवाले लाल मखमलीवर अडून बसले होते. त्यांच्याकडे पदकं क्वचित येतात, देवांचे फोटो रोज येतात, आणि देवाला मखमल हवी. पण मखमलीचा रंग सुटतो. काही कापडांतल्या गंधकानं चांदी काळी पडते. मी हातमागावरचं बिनरंगाचं सुती कापड मामांकडून घेतलं, दोनदा धुतलं आणि तेच लावायला सांगितलं. गोंद अजिबात नाही. आमच्या एका नातेवाइकांच्या घरी कुणा कारागिरानं पदकं गोंदानं फळीला चिकटवून दिली होती. काढताना फीत फाटली आणि कडेवरची अक्षरं गोंदात बुजली. इथे प्रत्येक फीत सुती दोऱ्यानं चार टाक्यांत कापडावर शिवली, पदकाला खालून दोन सैल टाके घातले. चौकट खोल घेतली, म्हणजे काच पदकाला किंवा फितीला टेकत नाही; टेकली तर पावसाळ्यात दमट होऊन फीत काचेला चिकटते. मागचा बोर्ड साधा हार्डबोर्ड नको, आम्लविरहित पुठ्ठा. आणि मागे खिळे न ठोकता स्क्रू, म्हणजे उद्या कुणाला कडेवरचं नाव वाचायचं असेल तर चौकट उघडता येते.

जागेबद्दलही घरात बोलणं झालं. आईची इच्छा देवघराशेजारी लावावी अशी, कारण आमच्या दृष्टीनं ती पूज्यच. पण समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर रेशमाला आणि धातूला दोन्हींना वाईट. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखी तापते. शेवटी आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावल्या. आईनं समजून घेतलं. आता ती दसऱ्याला चौकटीखाली आपट्याचं पान ठेवते.

घासण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. चिंच, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही पदकाला लावू नका. पणजोबांच्या ताऱ्याच्या पाठीवरचं नाव दर दिवाळीच्या राखेनं जवळजवळ पुसलं गेलं आहे. माया होती म्हणूनच घासलं, पण नाव गेलं. व्हिक्टरी मेडलची कड हाताला नीट लागत नाही, म्हणून तिथली अक्षरं वाचली. काळपट पदक हे जुनं पदक आहे, घाणेरडं नाही. मऊ सुती फडक्यानं धूळ टिपली की पुरे.

क्रमाचा नियम काकांनी सांगितला. पदकं डाव्या छातीवर, सर्वांत मानाचं छातीच्या मध्याकडे. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पहिलं पदक येतं आणि चौकटीतही तसंच लावायचं. तिघांची पदकं एकाच मोठ्या चौकटीत लावायला त्यांचा सक्त विरोध होता आणि तो मला पटला. एकत्र लावली की पन्नास वर्षांनी पोरांना ती एकाच माणसाची वाटतील, आणि तीन माणसांपैकी दोघं पुसले जातील.

काकांची स्वतःची पदकं मात्र भिंतीवर यायला तयार नव्हती. “मी अजून आहे की,” ते म्हणाले. त्यांच्याकडे पूर्वी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी सेवेत असलेल्या सगळ्यांना दिलेलं पदक आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १६ डिसेंबरच्या विजयदिनाला ते इस्त्रीच्या कोटावर ती लावतात. मग त्यांच्यासाठी बिजागरीचं दार असलेली पेटी केली; आत पदकांची पट्टी आकड्याला अडकवलेली, हवी तेव्हा काढता येते. तिच्याकडे पाहून ते एकदा म्हणाले की आपल्या परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांनी केला, जन्मानं युरोपातल्या आणि लग्नानं आपल्या मराठी घरातल्या. त्याची फीत साधी जांभळी, एकाच रंगाची. मामांना ते कळवलं तेव्हा ते म्हणाले, त्या फितीचा ताणा भरायला सगळ्यात सोपा.

प्रत्येक चौकटीच्या मागच्या पाकिटात मी एक कागद ठेवला आहे. कुणाची पदकं, गाव कुठलं, पलटण कुठली, कुठल्या लढाईची, कडेवर नेमकं काय ठोकलं आहे, आणि घरात सांगितली जाते ती गोष्ट कुणी सांगितली. कूटचा पाला, कणगीतले बिल्ले, सराफाचा तराजू, सगळं त्यात आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे आणि सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पलटण आणि नंबर माहीत असेल तर पुढची चौकशी कुठून सुरू करायची हे तिथे विचारता येतं. पण नंबर बहुधा मिळतो तो कडेवरच.

तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक फौजी घराला माझी विनंती आहे. ट्रंक उघडा, पदक खिडकीपाशी न्या आणि तिरप्या उजेडात त्याची कड फिरवून नाव वाचा. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस बोलू शकतं तोवर त्याच्याजवळ बसून उरलेलं लिहून घ्या. चौकट सावकाश करा, साधी करा. पण पदक मोडीत देऊ नका.